विकायला काढलेला वाडा

कोल्हापुरात मंगळवार किंवा शुक्रवार पेठेतला एखादा जुना वाडा विकायला निघाला की व्यवहार होतो तो फक्त जागेचा. रस्त्याकडची रुंदी किती, एफएसआय, म्हणजे बांधकामाचं क्षेत्र, किती मिळेल, कुळं आहेत का, प्रॉपर्टी कार्डावर नावं किती, एवढं विचारून गिऱ्हाईक भाव सांगतं. उभ्या इमारतीचं मोल शून्य. उलट पाडायचा खर्चच वजा होतो. हा हिशेब मुळातच चुकीचा आहे, आणि त्याचा पुरावा पाडकामातच सापडतो. वाडा उतरवणारा ठेकेदार सागवानी तुळया, कोरीव खांब, दिंडी दरवाजा, घडीव काळा दगड, सगळं जपून सुटं करतो, कारण त्याला गिऱ्हाईक तयार असतं. जागेवर उभं असताना ज्याला कुणी विचारत नव्हतं, तेच खांब फार्महाऊसच्या पडवीत चढ्या भावानं उभे राहतात.

या लाकडाला शेकडो पावसाळे टिकवणारी अक्कल मात्र विकत मिळत नाही. सोप्यातला खांब थेट जमिनीत पुरलेला नसतो. तो घडीव दगडाच्या तळखड्यावर बसवतात, म्हणजे ओल लाकडात चढत नाही आणि वाळवी आली तर डोळ्यांना दिसते. भिंतीला बाहेरून दगड, आतून माती. त्यामुळे एप्रिलच्या दुपारीही माजघर गार. राहणीही या बांधणीतूनच ठरली: आलागेला सोप्यात, घरचं माणूस माजघरात, धुणीभांडी परड्यात, आणि लग्नापासून वाळवणापर्यंत सगळं चौकात.

यावर पहिला आक्षेप वाटण्यांचा. वारस वाढले, हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनं मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतःच हक्क मिळाला, तेव्हा विकण्यावाचून गत्यंतर नाही, असं सांगतात. मुलींचा हक्क न्याय्यच आहे. वाडा पडल्याचं खापर त्यांच्या माथी मारणं मला मान्य नाही. मृत्युपत्राविना आलेल्या घरातला हिस्सा एखादा वारस विकू लागला, तर तो आधी घेण्याचा हक्क त्याच १९५६ च्या कायद्याचं कलम २२ बाकीच्या वारसांना देतं. अडतं ते पैशापाशी. दुसरा आक्षेप अधिक जड आहे: अंधाऱ्या खोल्या, सामायिक संडास, गोठलेली भाडी. त्यात २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत पंचगंगेकडच्या पेठांतल्या मातीच्या भिंतींनी पाणी प्यायलं. असं घर जसंच्या तसं जपा, असं तिथं न राहणाऱ्यानं सांगू नये.

म्हणून घराला दुसरं काम लागतं. १८७७ ते १८८४ या काळात उभ्या राहिलेल्या नव्या राजवाड्यात तळमजल्यावर संग्रहालय आहे आणि वर छत्रपती घराणं राहतं. घाट उतरलं की मालवण-वेंगुर्ल्याकडच्या कितीतरी कुटुंबांनी दोन खोल्या पर्यटकांना देऊन घर राखलं. अर्थात नुसता पर्यटक पुरत नाही. रंकाळ्याकाठचा शालिनी पॅलेस हॉटेल झाला आणि ते हॉटेलही बंद पडलं. पेठेतल्या कुटुंबाला खरा आधार टीडीआरचा, म्हणजे हस्तांतरणीय विकास हक्काचा. वारसा यादीतल्या इमारतीचा न वापरलेला एफएसआय दुसरीकडे विकण्याची सोय राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियमावलीत आहे. पण यादीत नाव आलं की खिळा ठोकायलाही परवानगी लागेल, या धास्तीनं मालक त्या यादीपासून लांब राहतात. महापालिकेनं दुरुस्तीची परवानगी आणि टीडीआरचा दाखला, दोन्हींना ठरावीक दिवसांची मुदत घातली, तर वाटणीला बसलेल्या भावंडांपुढे बिल्डरच्या आकड्याशेजारी दुसरा एक आकडा ठेवता येईल.