जुन्या फरशीवर नवी टाईल : सांधा सोडा, नाहीतर टाईल उठेल

दुकानाची जुनी शहाबादी उखडायची म्हणजे आठ दिवस धंदा बंद आणि कापडाच्या गठ्ठ्यांवर धूळ. म्हणून मेहकरच्या बाजारात पुष्कळ व्यापारी बंधू जुन्या फरशीवरच टाईल बसवून घेतात. आम्हीही तेच केले. सीझन तोंडावर होता. मिस्त्रीला बजावले, सांधा दिसता कामा नये, टाईलला टाईल भिडव. तो नको म्हणत होता. पहिल्याच मे महिन्यात भर दुपारी फटाक्यासारखा आवाज झाला आणि दर्शनी ओळीतील टाईल्स तंबूसारख्या उभ्या राहिल्या. आम्ही मिस्त्रीची राहिलेली मजुरी अडवली.

चूक कोणाची, हे शालींच्या खरेदीला श्रीनगरला गेलो तेव्हा उमगले. तेथे अनेक मशिदींत हमाम असतो. दगडी फरशीखालच्या पोकळीत लाकडे जाळतात, ऊब वर येते. थंड देशांत हेच काम फरशीखालच्या गरम पाण्याच्या नळ्या किंवा विजेच्या तारा करतात. तापलेली फरशी फुगते, निवली की आकसते. तिला हलायला जागा हवी. आपल्या वऱ्हाडात शेगडी खाली नाही, डोक्यावर आहे, एवढाच फरक!

जुनी फरशी आधी लाकडी हातोडीने ठोकून पाहावी. पोकळ वाजेल ती काढून जागा भरून घ्यावी. काळ्या मातीमुळे जमीनच खचत असेल, तर वरून टाईल लावणे म्हणजे पैसे पाण्यात. तेल, मेण धुवून पृष्ठभाग ग्राइंडरने खरबरीत करावा. व्हिट्रिफाईड टाईल अर्ध्या टक्क्याहूनही कमी पाणी पिते, त्यामुळे नुसता सिमेंटचा घोळ तिला धरत नाही. टाईलवर टाईल चालेल असे लिहिलेले केमिकलच घ्यावे. पिशवीवर आयएस १५४७७ हा क्रमांक पाहावा. ते दातेरी थापीने सगळीकडे पसरावे, चार कोपऱ्यांत गोळे ठेवू नयेत. दोन टाईल्समध्ये २ ते ३ मिलिमीटर सांधा आणि भिंतीलगत ५ ते ८ मिलिमीटर जागा सोडावी. ती पट्टीखाली झाकली जाते.

फरशी साधारण अर्धा इंच उंचावते. दार, शटर, मोरीचा उतार आधीच तपासावा. शंभर चौरस फुटांवर सुमारे अडीच क्विंटल वजन वाढते, म्हणून माडीवर इंजिनिअरला विचारल्याशिवाय हात घालू नये.

परदेशी जाणाऱ्या कारागीर बांधवांनी, खाली नळ्या असतील तर तापवणी आधी बंद करवून फरशी निवू द्यावी, भोक पाडू नये आणि लवचिक केमिकल वापरावे. ते पूर्ण सुकल्यावरच तापवणी सुरू करून हळूहळू वाढवावी.

श्रीनगरहून परतल्यावर आम्ही मिस्त्रीच्या घरी जाऊन अडवलेली मजुरी दिली आणि काम पुन्हा करण्याची विनंती केली. त्याने पैसे मोजून घेतले, म्हणाला, "करतो सेठ, पण सांधा सोडणार." या वेळी दुकान चार दिवस बंद ठेवले.