जावाची सँडबॉक्स कशी फुटली?

आधी सँडबॉक्स म्हणजे काय ते पाहू. इंटरनेटवरून आलेला अनोळखी प्रोग्राम चालवायचा तर आहे, पण त्याला आपल्या फायलींना हात लावू द्यायचा नाही. मग त्याभोवती कुंपण घालायचं. या कुंपणालाच सँडबॉक्स म्हणतात. ब्राउझरमध्ये चालणाऱ्या जावाच्या छोट्या प्रोग्रामना (ॲपलेट) असं कुंपण होतं. त्याचा राखणदार म्हणजे ‘सिक्युरिटी मॅनेजर’. ॲपलेटने फाइल उघडायला घेतली, की तो परवानगी तपासणार आणि नसेल तर अडवणार.

मग २०१२ च्या ऑगस्टमध्ये काय झालं?

एक उदाहरण घ्या. ऑफिसच्या कपाटाची किल्ली मुलांना मिळत नाही, शिपाईमामांकडे असते. पण ‘कोणी मागितलं?’ हे न विचारताच मामा कपाट उघडून देऊ लागले तर? कुलूप शाबूत, तरी वस्तू बाहेर!

जावा ७ मध्ये नेमकं हेच घडलं. ‘सनटूलकिट’ हा जावाचा आतला, विश्वासातला क्लास. ॲपलेटला तिथे जायला बंदी होती. पण दुसऱ्या एका क्लासमधल्या चुकीमुळे वाट मिळाली. सनटूलकिटमधली ‘गेटफील्ड’ ही मेथड कोणत्याही क्लासचं खाजगी फील्डसुद्धा उघडून देत होती, मागणारा कोण हे न पाहता. हल्लेखोरांनी तिच्या मदतीने आपल्याच कोडला सगळे अधिकार दिले आणि मग सिक्युरिटी मॅनेजरच बंद केला. राखणदारच नाही म्हटल्यावर कुंपणाचा काय उपयोग? नुसतं एक वेब पेज उघडलं, तरी संगणकात व्हायरस शिरू शकत होता.

या दोषाचा क्रमांक सीव्हीई-२०१२-४६८१. ओरॅकल कंपनीने ३० ऑगस्ट २०१२ ला दुरुस्ती दिली. पण ज्यांनी अपडेट केलं नाही, त्यांचं दार उघडंच राहिलं. पुढेही असे दोष सापडत गेले. शेवटी ॲपलेट मागे पडले आणि २०२५ च्या जावा २४ मध्ये सिक्युरिटी मॅनेजर कायमचा बंद झाला.

लक्षात ठेवा: भिंत कितीही उंच असो, आतला विश्वासू माणूस न विचारता दार उघडत असेल तर ती निरुपयोगी. तुम्ही फंक्शन लिहाल तेव्हा स्वतःला विचारा, ‘हे काम मी कोणासाठी करतोय?’ आणि हो, अपडेटची सूचना आली की ‘नंतर बघू’ म्हणू नका!