सोपाऱ्याची शिळा आणि संग्रहालयाचा प्रेक्षक

संग्रहालय हे लोकशिक्षणाचे केंद्र आहे, असे आपण नेहमी म्हणतो. प्रत्यक्षात बौद्ध दालनात आलेला उपासक मूर्तीसमोर हात जोडतो, क्षणभर थांबतो आणि पुढे जातो. त्याची श्रद्धा खरी असते. परंतु जे पाहिले त्यातून त्याच्या ज्ञानात कोणती भर पडली, हे कोणी विचारीत नाही. प्रेक्षकांसाठी शैक्षणिक उपक्रम आखावयाचे ते यासाठीच. त्यांची रचना कशी असावी, याचा विचार एकाच वस्तूच्या आधारे करणे सोयीचे होईल.

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा एक तुकडा आहे. पंडित भगवानलाल इंद्रजी यांना तो १८८२ साली सोपारा येथे सापडला. तेथील स्तूपाचे उत्खननही त्यांनी त्याच वर्षी केले. नवव्या लेखाचा तुकडा जवळच्या भुईगावात १९५६ साली मिळाला. (ते धम्मदीक्षेचे वर्ष असणे हा निव्वळ योगायोग, पण स्मरणात राहणारा.) दगडावरील या तुटक ओळींपुढे प्रेक्षक सहसा रेंगाळत नाही. उपक्रमासाठी मात्र हीच शिळा निवडावी, असे आमचे मत आहे.

याचे कारण ब्राह्मी लिपी. आपल्याकडील प्रेक्षकवर्गात महाविद्यालयात शिकणारी नात असते आणि अक्षरओळख नसलेली आजीही असते. फलकावरील मजकूर वाचून दाखविला की नात पुढे होते, आजी मागे राहते. अशोकाच्या शिळेपुढे मात्र दोघीही सारख्याच निरक्षर आहेत. ‘क’ हा अधिकाच्या चिन्हासारखा, ‘ठ’ म्हणजे नुसते वर्तुळ, ‘ध’ अर्धचंद्रासारखा, ‘म’ म्हणजे शिंगे असलेले वर्तुळ. एवढे पाटीवर काढून दाखविले की दोघी एकाच वेळी शोधू लागतात आणि आजीची नजर कित्येकदा अधिक तीक्ष्ण ठरते. ज्या समाजाला शतकानुशतके अक्षरांपासून दूर ठेवले गेले, त्यातील वृद्धेने स्वतःच्या बोटाने ‘धंम’ हा शब्द गिरवावा, यापरते मोठे शिक्षण संग्रहालयाने कोणते द्यावयाचे? मूळ शिळेला अर्थातच हात लावू द्यावयाचा नाही. त्यासाठी प्लॅस्टरची प्रतिकृती हवी. गट पंधरा जणांहून मोठा नसावा. सहा डिसेंबरला मुंबईत येणाऱ्या समुदायासाठी असे अनेक छोटे गट करावे लागतील. ध्वनिक्षेपकावरून शंभर जणांना सांगणे हा व्याख्यानाचा प्रकार झाला.

यानंतर आशय. हा लेख गिरनारच्या खडकावर सलग वाचता येतो. त्याचे मराठी भाषांतर गटाला द्यावे. पूर्वीचे राजे मृगयेसाठी विहारयात्रा करीत, अशोक अभिषेकानंतर दहाव्या वर्षी संबोधीस गेला आणि तेव्हापासून धम्मयात्रा सुरू झाल्या, असा त्याचा आशय आहे. ‘विहारयात्रा’ या शब्दाशी आपला वाचक हमखास अडतो. येथे विहार म्हणजे मौजमजा, भिक्खूंचे निवासस्थान नव्हे. ही अडचण आधीच सांगून टाकू नये; गटालाच चर्चा करू द्यावी.

अमेरिकेतील ॲबिगेल हाऊसन व फिलिप येनवाईन यांनी कलाकृती पाहण्याची एक पद्धत घडविली. तीत मार्गदर्शक माहिती न सांगता तीनच प्रश्न विचारतो: येथे काय चालले आहे, कशावरून तसे म्हणता, आणखी काय दिसते? यांतील दुसरा प्रश्न सर्वांत मोलाचा. केवळ कोणी सांगितले म्हणून स्वीकारू नये, हे कालामसुत्त जाणणाऱ्यास नवीन नाही. शिलालेखाच्या बाबतीत मात्र निव्वळ प्रश्नांवर भागत नाही, लिपी व काळ सांगावाच लागतो. आठव्या लेखातही धम्मयात्रेत जनपदातील लोकांना भेटून धम्माचा उपदेश करणे आणि धम्माविषयी विचारपूस करणे, अशा दोन्ही गोष्टी आल्या आहेत. आपल्या मार्गदर्शकांना पहिली गोष्ट चांगली जमते. दुसरीसाठी त्यांना प्रशिक्षण द्यावे लागेल. प्रश्न विचारल्यावर उत्तरासाठी गप्प राहणे हाच त्यातील अवघड भाग.

या संग्रहालयाची ‘म्युझियम ऑन व्हील्स’ ही बस २०१५ पासून शाळा व गावांपर्यंत जाते. विहारांनी अशा सोयींसाठी लेखी मागणी करावी. ते न जमल्यास शिळेच्या छायाचित्राचा मोठा ठसा आणि चार पाट्या एवढ्यावरही रविवारचा वर्ग घेता येतो. त्यानंतरच्या रविवारी लोकलने नालासोपाऱ्यास जाऊन तो स्तूप पाहता येईल.