चुकणारा ठोका आणि जन्मापासूनची घडण

हृदयाचा ठोका उजव्या बाजूच्या वरच्या कप्प्यात उठतो. सायनस नोड या पेशींच्या पुंजक्यातून निघालेला विजेचा संदेश वरच्या दोन्ही कप्प्यांत पसरतो, एव्ही नोडपाशी क्षणभर थबकतो आणि मग खालच्या कप्प्यांत उतरतो. वरून खाली जायला एरवी ही एकच वाट असते. गर्भात हृदय घडत असतानाच ती तयार होते, त्यामुळे घडण वेगळी झाली तर लयही बिघडू शकते. अनियमित ठोक्यांच्या बहुतेक रुग्णांत कारण उच्च रक्तदाब, थायरॉइड, झडपांचा संधिवाती आजार किंवा वय हे असते. थोड्यांच्या बाबतीत मात्र दोष जन्मापासूनचा असतो आणि ऐन तारुण्यापर्यंत लपून राहतो.

एब्स्टीन विकृती हे याचे बोलके उदाहरण. ब्रेस्लाऊ शहरात विल्हेल्म एब्स्टीन यांनी १९ वर्षांच्या एका मजुराच्या शवविच्छेदनावरून १८६६ मध्ये तिचे वर्णन केले. त्या मुलाला लहानपणापासून धाप लागत होती, छातीत धडधडत होते. हृदयाच्या उजव्या बाजूची तीन पाकळ्यांची झडप या विकृतीत आपल्या जागी नसते; तिच्या पाकळ्या खालच्या कप्प्यात उतरलेल्या असतात. झडपेतून रक्त मागे गळते आणि वरचा कप्पा फुगत जातो. ही विकृती फार थोड्या बाळांत आढळते. सौम्य प्रकारात रोजची कामे सुरळीत चालतात आणि पहिली तक्रार धडधडीचीच असते.

या धडधडीमागे बऱ्याचदा चोरवाट असते. झडपेच्या कड्यापाशी जादा स्नायुतंतू राहून जातात आणि संदेश एव्ही नोडला वळसा घालून खाली पोहोचतो. वुल्फ, पार्किन्सन आणि व्हाइट यांनी १९३० मध्ये वर्णन केलेला विकार याच चोरवाटेचा. निरोगी घडणीच्या हृदयातही तो असू शकतो. ईसीजीच्या कागदावर तो डोळ्यांना दिसतो. एरवी पहिल्या लहान लाटेच्या सुरुवातीपासून मोठ्या लाटेच्या सुरुवातीपर्यंत तीन ते पाच बारीक चौकटी असतात. इथे तीनही भरत नाहीत आणि मोठी लाट सरळ न चढता पायथ्याशी तिरपी होते. अशा रुग्णाच्या वरच्या कप्प्यांत फडफड, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन, सुरू झाले तर प्राणावर बेतू शकते. तेव्हा व्हेरापामिल किंवा डिगॉक्सिनसारखी एव्ही नोडला आवर घालणारी औषधे धोक्याची ठरतात, कारण चोरवाट मोकळीच राहते. म्हणून जुना ईसीजी जपून ठेवणे फार मोलाचे आहे.

काही वेगळेपण हृदयाबाहेरच्या शिरांत असते. गर्भात डावीकडे असणारी वरची महाशीर पुढे आटून जाते. हजारात तीन ते पाच माणसांत ती तशीच टिकते. एकटी असेल तर बहुधा काहीच त्रास देत नाही, पण काहींच्या एट्रियल फिब्रिलेशनचा उगम तिच्यातच सापडतो. पेसमेकर बसवताना डाव्या खांद्याखालून घातलेली तार उजवीकडे न वळता मणक्याच्या डाव्या बाजूने खाली उतरते, तेव्हा कित्येकदा ही शीर पहिल्यांदाच कळते. खालची महाशीर मध्येच तुटलेली असेल, तर जांघेतून हृदयापर्यंत नळी नेण्याचा मार्गही बदलतो.

खालचे कप्पे आणि मोठ्या रोहिण्या या दोन्हींची अदलाबदल होऊन घडलेल्या हृदयात रक्ताचा प्रवाह योग्य दिशेने राहतो, पण एव्ही नोडची वाट नाजूक असते. वर्षे सरतात तशी ती बंद पडून ठोके मंदावतात आणि पेसमेकर लागू शकतो.

पुण्याजवळच्या माण परिसरातल्या आयटी कंपन्यांत किंवा चाकणच्या कारखान्यांत रुजू होणाऱ्या तरुणाच्या ईसीजीत चोरवाटेची खूण दिसली, तर टू-डी इको करायलाच हवा. चोरवाट विजेचे काम करते, ती इकोत दिसत नाही. झडपेची जागा आणि कप्प्यांचा आकार मात्र दिसतो. शिरांसाठी सीटी किंवा एमआरआय लागतो. चोरवाट नळीतून उष्णता देऊन जाळता येते. एब्स्टीनमध्ये अशा वाटा एकाहून अधिक असू शकतात, त्यामुळे काम अवघड होते आणि त्रास पुन्हा उद्भवण्याची शक्यता जास्त राहते. झडपेची शस्त्रक्रिया ठरली असेल, तर या वाटांचा शोध आधीच घेतला जातो.

लहान मुलांसाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. २०१३ मध्ये पालघर इथून सुरू झालेल्या या योजनेत अंगणवाडीतल्या मुलांची वर्षातून दोनदा आणि शाळेतल्यांची एकदा तपासणी होते. जन्मजात हृदयविकार तिच्या यादीत आहे. खेळता खेळता अचानक बसून ‘छातीत पळतंय’ म्हणणाऱ्या मुलाची तक्रार या तपासणीच्या वेळी पालकांनी आवर्जून सांगावी. झटका चालू असतानाच ईसीजी काढता आला, तर निदान पुष्कळ सोपे होते.