पारख्याचा अभिप्राय आणि वापरकर्त्याची साक्ष (लेखांक चौथा)

प्रत्यक्ष वापरकर्त्यास संगणकासमोर बसवावे, एखादे काम नेमून द्यावे आणि ते करीत असता मनात येईल ते मोठ्याने बोलत राहण्याची त्यास विनंती करावी, ही पद्धती गेल्या आठवड्यात आपण पाहिली. याकोब नील्सन आणि रॉल्फ मोलिच या डॅनिश अभ्यासकांनी १९९० साली मांडलेल्या दुसऱ्या पद्धतीत मात्र वापरकर्त्यास मुळी पाचारणच करावे लागत नाही. यंत्र या क्षणी काय करीत आहे हे माणसास उमगते काय, चुकल्यास परत फिरण्याची वाट उघड दिसते काय, स्मरणशक्तीवर अकारण भार पडतो काय, अशा मोजक्या तत्त्वांवर तीन ते पाच जाणत्या परीक्षकांनी, परस्परांशी मसलत न करता, पडद्याची रचना तपासावी आणि आपापल्या नोंदी मागाहून एकत्र कराव्यात, एवढाच तिचा खटाटोप. खर्च अल्प असल्यामुळे ती लवकर रूढ झाली. आणि ज्याचे पाय अडखळायचे त्याला न विचारता वाटेची परीक्षा कसली, हा आक्षेपही तिच्या वाट्याला आला.

या वादात मौज अशी की, तौलनिक परीक्षणे घडवून आणण्यात पुढाकार घेतला तो मोलिच यांनीच. न्यूयॉर्कच्या ‘हॉटेल पेन्सिल्व्हेनिया’चे संकेतस्थळ १७ अनुभवी चमूंकडे स्वतंत्रपणे तपासावयास देण्यात आले, ९ चमूंनी वापरकर्ते बसविले, ८ चमूंनी केवळ तज्ज्ञपरीक्षण केले. अहवाल रुजू झाले तेव्हा एकूण ३४० निरनिराळे मुद्दे निघाले, आणि त्यांपैकी २०५ प्रत्येकी एकाच चमूला आढळलेले होते! बदनाम तज्ज्ञपरीक्षण वापरकर्त्यांच्या चाचणीच्या तोडीस तोड उतरले खरे. परंतु माझ्या मते खरी बातमी ती नव्हे. एकाच पद्धतीचे नाव घेऊन काम करणाऱ्या दोन चमूंतही जर एवढी तफावत पडते, तर पद्धतीपद्धतींच्या श्रेष्ठत्वाचा निवाडा देण्याची घाई कशाला?

पाच वापरकर्ते बसविले की सुमारे ८५ टक्के दोष हाती लागतात, हा नील्सन यांचा बहुश्रुत हिशेबही याच प्रकाशात वाचावा. एक वापरकर्ता सरासरीने ३१ टक्के दोष उघड करतो, या गृहीतावर तो उभा आहे. आणि सरासरीच्या पोटात ढळढळीत दोषांबरोबर शंभरांत एखाद्यालाच भेटणारे दोषही दडलेले असतात. शिवाय, आरक्षण रद्द करण्याचे काम परीक्षकाने नेमूनच दिले नाही, तर त्या वाटेवरील खड्ड्यात पाच काय, पन्नास माणसेही पडावयाची नाहीत. म्हणून असा अहवाल हाती आला की मी प्रथम पद्धतीचे नाव पाहत नाही, नेमून दिलेल्या कामांची यादी पाहतो. आणि पुष्कळदा ती जोडलेलीच नसते.

दोन्ही पद्धती एक गोष्ट मात्र मुकाट्याने धरून चालतात: माणसाला खोलीच हवी आहे आणि ती त्याला याच पडद्यावरून घ्यावयाची आहे. ते खरोखर तसे आहे काय, हे त्याच्या घरी किंवा कचेरीत जाऊनच पाहावे लागते. ह्यू बायर आणि कॅरेन होल्ट्झब्लॅट यांनी त्यासाठी घालून दिलेल्या चौकशीच्या रीतीचा विचार पुढील लेखांकात करू.