हातात दोन दुर्र्या

नोव्हेंबर 2009. लास व्हेगासच्या रिओ कॅसिनोत वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरच्या मुख्य स्पर्धेचं अखेरचं टेबल चालू होतं. 6,494 जणांतून उरलेल्या मोजक्या खेळाडूंत मिशिगनचा जो काडा होता, वय 21. एका डावात त्याने दोन तिर्र्यांवर चिप्स लावल्या आणि समोर जेफ शुलमनने दोन गुलाम उघडले. पुढे दोन दुर्र्यांवर तसंच केलं, तर आंत्वान साऊकडे दोन राण्या निघाल्या. दोन्ही वेळा काडाच्या जोडीचं तिसरं पान मधे उघडलेल्या पहिल्या तीन पानांतच आलं. तो वाचला आणि शेवटी स्पर्धाही जिंकला.

लहान जोडी मोठ्या जोडीपुढे उभी राहिली की जिंकण्याची शक्यता शंभरात 18-19 असते. लागोपाठ दोनदा जिंकणं म्हणजे साधारण 30त 1. म्हणून अनेकांनी हे निव्वळ नशीब म्हणून सोडून दिलं. मला हा हिशेब अर्धा वाटतो. पान पडणं नशिबाचं असतं, पण चिप्स कधी लावायच्या हे खेळाडू ठरवतो, आणि दुर्रीपासून छक्कीपर्यंतच्या जोड्यांची सगळी गंमत त्या ठरवण्यात आहे.

टेक्सास होल्डेममध्ये प्रत्येकाला दोन पानं मिळतात आणि मधोमध सगळ्यांची मिळून पाच पानं उघडतात: आधी तीन, तो फ्लॉप, मग एक टर्न आणि एक रिव्हर. हातातच जोडी येणं दर 17 डावांत एकदा घडतं. तीन पत्तीवर वाढलेल्या आपल्या माणसाला जोडी दिसली की हात शिवशिवतात, कारण तिथे तीनच पानं असतात आणि जोडी सहा डावांत एकदा येते. होल्डेममध्ये मात्र सात पानांतून हात जुळवायचा असतो, त्यामुळे शेवटी निदान जोडी तरी शंभरातल्या 82 वेळा बनतेच. दोन पंज्या घेऊन बसलात, तर फ्लॉपवर पंजीपेक्षा मोठं एकही पान न येण्याची शक्यता शंभरात 2 सुद्धा नाही. म्हणजे तुमची जोडी जवळपास दर वेळी कोणाच्या तरी जोडीखाली दबू शकते.

तिला तारणारं पान एकच, त्याच नंबरचं तिसरं. याला सेट म्हणतात, आणि तो फ्लॉपवर 17 पैकी साधारण 2 वेळा लागतो. सेटची ताकद अशी की तो दिसत नाही. मधे राजा, नव्वी, पंजी पडली तर एक्का-राजावाला आपल्या राजांच्या जोडीवर आनंदाने पैसे घालतो; तुमच्याकडच्या पंज्या त्याच्या स्वप्नातही नसतात.

पण बाकीच्या 15 वेळांचं काय? आकडे घालून पाहू. ब्लाइंड, म्हणजे पानं पाहण्याआधी दोघांनी सक्तीने घालायच्या रकमा, 100-200 आहेत (मोठी ती बिग ब्लाइंड); सगळ्यांकडे 20,000 चिप्स. एकाने रक्कम वाढवून 500 ची रेझ केली, तुम्ही बटनवर, म्हणजे ब्लाइंडवाल्यांच्या लगेच आधीच्या जागी, बसून पंज्यांवर कॉल केला, म्हणजे तेवढेच घातले. 15 वेळा सेट लागला नाही आणि तुम्ही पानं टाकली, तर 7,500 गेले. ते भरून निघायला सेट लागलेल्या दोन डावांतून प्रत्येकी सरासरी 3,750 मिळायला हवेत. समोरच्याकडे 20,000 आहेत, तेव्हा हे जमण्यासारखं आहे. मात्र सेट लागला की प्रत्येक वेळी पैसे मिळतात असंही नाही, म्हणून जाणते खेळाडू अंदाज ठेवतात की दोघांतल्या कमी चिप्सवाल्याकडे कॉलच्या रकमेच्या 15 ते 20 पट तरी चिप्स असाव्यात. आणि सेट चुकला तर हट्ट नको. पुढच्या दोन पानांत तिसरी पंजी येण्याची शक्यता 12त 1 असते.

कॅश गेममध्ये गोष्ट बहुतेक इथेच संपते. टूर्नामेंटमध्ये ब्लाइंड ठरावीक वेळाने वाढत जातात. गोव्यात मांडवी नदीवरच्या कॅसिनोतल्या टूर्नामेंटमध्येही तेच. तुमच्या 20,000 चिप्स जागच्या जागी असतात, पण ब्लाइंड 1,000-2,000 झाले की त्यांचे फक्त 10 बिग ब्लाइंड उरतात. आता समोरच्याने 4,500 ची रेझ केली, तर तुमच्याकडे तिच्या पाचपटही चिप्स नाहीत. सेटची वाट पाहत कॉल करणं म्हणजे पाव स्टॅक, आपल्या चिप्सचा पाव ढीग, पाण्यात घालणं. सकाळी शहाणपणाचा असलेला कॉल संध्याकाळी चूक ठरतो, आणि हातात मात्र त्याच पंज्या असतात.

मग टाकून द्यायच्या? उलट, इथे लहान जोडीचं दुसरं रूप सुरू होतं. तुमच्या आधी सगळ्यांनी पानं टाकली आहेत, तुम्ही बटनवर, हातात दोन चौक्या. मधे 1,000 आणि 2,000 चे ब्लाइंड आणि अँटे नावाची आणखी 2,000 ची सक्तीची रक्कम मिळून 5,000 पडले आहेत. तुम्ही सगळे 20,000 लावता. समजा मागच्या दोघांनी मिळून शंभरात 70 वेळा पानं टाकली. तेव्हा 5,000 आयते मिळतात. उरलेल्या 30 वेळा बिग ब्लाइंडवाला कॉल करतो, पॉट 43,000 चा होतो, आणि तुम्ही शंभरात 40 वेळाच जिंकता असं धरलं, तर प्रत्येक कॉलमागे सरासरी तोटा 2,800. दोन्हींची बेरीज दर डावाला 2,660 चा फायदा दाखवते, म्हणजे एका बिग ब्लाइंडहून जास्त. पकडले गेलो तर आपण मागे आहोत हे गृहीत धरूनसुद्धा हा फायदा निघतो! सेट लागो न लागो, कमाई समोरच्याने पानं टाकण्यातून झाली.

हीच चाल उलटी फिरवून पाहा. आता तुम्ही बिग ब्लाइंडवर, स्टॅक 40,000, हातात त्याच चौक्या. सुरुवातीच्या जागेवरून एका सावध खेळाडूने 40,000 लावले आणि बाकीच्यांनी पानं टाकली. तुम्हाला आणखी 38,000 घालायचे आहेत, पॉट 83,000 चा होणार, म्हणजे शंभरात निदान 46 वेळा जिंकायला हवं. त्याच्याकडे सत्तीपासून वरच्या जोड्या, एक्का-राजा, एक्का-राणी किंवा एकाच रंगाचे एक्का-गुलाम आहेत असं धरू. जोड्यांपुढे तुम्ही शंभरात 19, मोठ्या दोन पानांपुढे 53. हिशेब करून बेरीज 34 च्या आसपास येते. आता पानं टाकायला कोणी नाही, म्हणून चौक्यांची निम्मी ताकद गेली. लावणारा आणि कॉल करणारा यांतला हा फरक नवख्यांना सर्वांत उशिरा कळतो, आणि माझ्या मते या विषयात शिकण्यासारखी मुख्य गोष्ट तीच आहे.

सर्वांत अवघड टप्पा 20 ते 35 बिग ब्लाइंडचा. सेटसाठी थांबायला स्टॅक लहान, सरळ लावायला मोठा. सुरुवातीच्या जागेवर दुर्री-तिर्रीच्या जोड्या टाकणंच बरं. शेवटच्या जागांवर छोटी रेझ चालते, पण उलट मोठी रेझ आली की सोडायची तयारी हवी. दुर्र्या आणि छक्क्या यांतही फरक आहे. एक्का-राजापुढे तुमच्या दुर्र्या पुढे असताना मधे दोन नव्व्या आणि दोन पंज्या पडल्या, तर तुमची जोडी मोजलीच जात नाही; एक्कावाला हाताच्या पाचव्या पानावर, एक्क्यावर, जिंकतो. छक्क्या तिथे टिकतात.

आणि सगळं नीट करूनही हरणं असतंच. त्याच 2009 च्या टेबलावर साऊने अठ्ठ्यांवर चिप्स लावल्या, काडाकडे एक्का-राजा होते. साऊ शंभरात 55 ने पुढे होता. राजा पडला आणि साऊ तिसऱ्या क्रमांकावर बाहेर गेला.

एक प्रसंग मात्र असा, जिथे वरचे सगळे आकडे बाजूला ठेवावे लागतात. मोठ्या स्पर्धेचा प्रवेश मिळवून देणाऱ्या सॅटेलाइट टूर्नामेंटमध्ये सगळी बक्षिसं सारखी असतात. समजा प्रवेश 10 आहेत, खेळाडू 11 उरलेत, तुमचा स्टॅक मधला आहे आणि एकाकडे जेमतेम एक बिग ब्लाइंड शिल्लक आहे. तुमच्याकडे दोन छक्क्या आल्या. त्या न लावता टाका आणि त्या एका ब्लाइंडवाल्यावर ब्लाइंड येईपर्यंत थांबा.