विकल्पयुक्त उत्पादनांचे माहिती व्यवस्थापन : सौर कृषिपंपाच्या संदर्भात

प्रस्तावना :
वाणिज्य व व्यवस्थापनाच्या पाठ्यपुस्तकांत उत्पादन म्हणजे एक वस्तू, एक नाव व एक किंमत असे गृहीत धरलेले असते. कृषिपंपाला हे गृहीतक लागू पडत नाही. तो ग्राहकाच्या गरजेनुसार घटक जुळवून सिद्ध होणारा, म्हणजेच विकल्पयुक्त उत्पादन होय. अशा उत्पादनाची माहिती कशी ठेवावी, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

विषय विवेचन :
पाणबुडी पंपात इंपेलर व बाउल यांची जोडी म्हणजे एक टप्पा. पाणी अधिक उंच चढवायचे असल्यास टप्पे वाढवितात. सुटे भाग तेच राहतात, त्यांची संख्या बदलते व शाफ्ट लांब होतो. अश्वशक्तीचे तीन, विद्युतप्रवाहाचे दोन, पंपप्रकाराचे दोन व उंचीचे चार पर्याय धरले तरी ४८ जुळण्या होतात. प्रत्येकीची स्वतंत्र घटकसूची ठेवल्यास एका बेअरिंगमधील बदल अनेक ठिकाणी नोंदवावा लागतो आणि कोठेतरी तो राहून जातो. म्हणून सर्व पर्यायांची एकच व्यापक घटकसूची व तिच्यासोबत निवडीचे नियम ठेवणे श्रेयस्कर ठरते. उदाहरणार्थ, पृष्ठभागावरील पंप व्यवहारात सात-आठ मीटरपेक्षा खोल पाणी ओढू शकत नाही. हा वातावरणीय दाबाचा नियम असून विक्रेत्याच्या आश्वासनाने तो बदलत नाही! अमेरिकेतील डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनने संगणकांच्या जुळणीसाठी १९८० च्या सुमारास 'एक्सकॉन' ही नियमाधारित प्रणाली वापरात आणली, तीही याच अडचणीतून.

स्थानिक संदर्भ :
महाराष्ट्र शासनाच्या २०२४ मधील 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत अडीच एकरांपर्यंत ३, पाच एकरांपर्यंत ५ व त्याहून अधिक क्षेत्रास ७.५ अश्वशक्ती असा निकष ठरविण्यात आला. अनुदान वाटपासाठी तो सोयीचा आहे. जुळणीसाठी मात्र अपुरा आहे. ५ अश्वशक्तीच्या संचाची एकूण कार्यक्षमता ५० टक्के धरल्यास ५० मीटर उंचीवर सेकंदाला सुमारे ३.८ लिटर, तर १०० मीटरवर १.९ लिटर पाणी मिळते. हदगाव तालुक्यात पैनगंगेकाठची विहीर व माळावरची खोल बोअर यांना एकच 'पाच एचपीची मोटार' म्हणणे कितपत योग्य आहे? जमिनीचे क्षेत्र सातबाऱ्यावर सापडते. पाण्याची उन्हाळ्यातील पातळी, बोअरचा व्यास व शेतातील चढ यांसाठी प्रत्यक्ष मोजणीच करावी लागते. ही माहिती मागणीपत्रात नसेल तर कारखान्यातील उत्तम प्रणालीही चुकीचा पंप बिनचूक बांधून देईल.

दुसरा प्रश्न विक्रीनंतरचा. योजनेत ५ वर्षांची दुरुस्ती हमी आहे; त्यानंतर सुटा भाग शेतकऱ्यालाच शोधावा लागतो. सौर संचात मोटार, नियंत्रक व पॅनेल परस्परांशी जुळलेले असावे लागतात. तोवर मोटारीवरील पट्टी झिजलेली असते, दुकानदार अंदाजाने भाग देतो आणि ऐन रब्बीत पाणी बंद राहते. त्यामुळे 'काय विकले' याऐवजी 'या क्रमांकाच्या संचात प्रत्यक्ष काय बसविले' ही नोंद महत्त्वाची ठरते. नियंत्रक बदलला तर तीही दुरुस्त व्हावी. तिची प्रत केवळ पुरवठादाराच्या संगणकात न राहता मराठीत छापून शेतकऱ्याच्या हाती व तालुक्याच्या तंत्रज्ञाकडे असावी, आणि सुट्या भागाचा क्रमांक तिच्यावर स्पष्ट असावा.